बबन्याच्या कानात

"मालक, तुमचं नरडं हलतंय."

पहिल्या ओळीत उकिडवा बसलेला एक पोरगा एवढंच बोलला, आणि माझी बावीस वर्षांची विद्या मातीला मिळाली.

माझ्या मांडीवर बबन्या होता. बबन्या म्हणजे माझा बोलका बाहुला. सागवानी डोकं, दोरीनं उघडमीट होणारा जबडा, अंगात लाल जाकीट आणि डोक्याला गुलाबी फेटा. बोलायचा तो, आवाज माझा, आणि माझे ओठ मिटलेले. शब्दभ्रम म्हणतात या खेळाला. शाळांतून, गणपतीच्या मांडवांतून, एकदा तर एका मंत्र्याच्या सत्कारात मी हा खेळ केला होता. मंत्र्यानं हार माझ्याऐवजी बबन्याच्या गळ्यात घातला होता. पण मला कुणी पकडलं नव्हतं.

"नरडं हलणारच की," बबन्या म्हणाला. "मालक भ्यालाय. तुमच्याएवढी देखणी माणसं त्यानं एका जागी कवा बघितली न्हाईत."

लोक हसले, पण तो पोरगा हटेना. "ते खरं, पण ‘प’ आला की तुमचा खालचा ओठ आत जातोय. ‘ब’ला बी जातोय."

ही गोष्ट इचलकरंजीची. सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली. यंत्रमागाचा कारखाना, जेवणाची सुट्टी, सूत उडून पांढऱ्या झालेल्या भुवयांचे चाळीस-पन्नास कामगार समोर. माग सुरू असले की तिथं शेजारच्याला शेजारचा ऐकू येत नाही. म्हणून ही माणसं ओठांवर बोलतात. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं वीस हातांवरून वाचायचं. जेवलास का, धागा तुटला, दिवाणजी आला, तुझी मेव्हणी झकास आहे, सगळं असंच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्याचे ओठ बघण्यात ज्यांची हयात चाललेली, त्यांच्यापुढं मी ओठ मिटून बोलायला बसलो होतो. सोनाराच्या दारात पितळ विकायला बसलो असतो तर जास्त खपलं असतं.

मला तिथं आणलं होतं मगदूम सिस्टरनी. सरकारी दवाखान्यातल्या, वयानं माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, अंगानं बारीक आणि आवाजानं हवालदार. गुप्तरोग आणि एड्स यांबद्दल तरुण पोरांना सांगायचं काम त्यांच्याकडं होतं. आधी त्यांना वरून भित्तिपत्रकं आली होती. काळा कागद, त्यावर कवटी.

"कवटी बघून पोरं रोगाला भ्यायली नाहीत हो, तेरदाळे," त्या मला म्हणाल्या होत्या. "मलाच भ्यायला लागली. मी रस्त्यानं निघाले की ह्या फुटपाथवरची पोरं त्या फुटपाथला. तुमच्या बाहुल्याला बोलू दे. तो लाकडाचा आहे, त्याला लाज नाही."

त्या वर्षी त्यांच्या जीपमधून आम्ही पुष्कळ हिंडलो. वाटेत त्या एकच प्रश्न विचारायच्या, "तुम्ही लग्न का नाही केलंत?" आणि मी दर वेळी नवी हकिकत द्यायचो. एकदा सांगितलं, वऱ्हाडाच्या गाडीपुढं आंबा घाटात वाघ आडवा आला, बबन्याचं बोलणं ऐकत तिथंच बसला, मुहूर्त टळला तरी उठेना, ‘अजून एक’ म्हणून बघत राहिला. एकदा सांगितलं, एका संस्थानच्या राणीसाहेबांनी मागणी घातली, आणि त्यांना नाही म्हटल्यावर दुसरीला हो म्हणणं बरं दिसेना. सिस्टर ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ही सातवी." मोजत होत्या.

तर त्या दिवशी कारखान्यात ओठ पकडले गेल्यावर मी बबन्यालाच पुढं केला.

"माझ्या मालकाचे ओठ काय बघताय," तो म्हणाला. "माझं दुखणं बघा. मला वाळवी लागते."

"कुठं लागते?" मागून कुणीतरी.

"लागायला नको तिथंच लागते. म्हणून तर सांगायला लाज वाटते." हशा. "पहिल्यांदा लागली तवा मी काय केलं? फेटा खाली ओढला आन् गप बसलो. म्हटलं, आपोआप जाईल. वाळवी गेली का? न्हाई. गुडघ्यापर्यंत आली. मग जत्रंतल्या तंबूत एक वैद्य बसतो त्याच्याकडं गेलो. त्यानं वाळवीला गुलकंद दिला. वाळवीनं आवडीनं खाल्ला."

आता तो नरडंवाला पोरगाही हसत होता.

"शेवटी सुताराकडं गेलो. सुतार म्हणाला, येड्या, पहिल्या दिवशी दाखवलं असतंस तर औषधाचं एक बोट लावून भागलं असतं. आता पाय बदलायला लागंल." बबन्यानं आपला एक पाय वर केला. तो मी मुद्दाम वेगळ्या रंगाचा बसवला होता. "तुम्हाला तर पाय बी बदलून मिळायचा न्हाई. तर सुतार कोण? ही सिस्टर. आन् ह्या पिशवीत ज्या टोप्या हायत, त्या काय डोक्यात घालायच्या न्हाईत. कुठं घालायच्या ते ज्याला ठाऊक न्हाई त्यानं सुट्टी झाल्यावर मला इचारा. ज्याला ठाऊक हाय त्यानं गपचूप न्या."

पोरांनी गपचूप नेल्या. म्हणजे गलका करतच नेल्या, पण नेल्या.

खेळ संपला, भोंगा व्हायला थोडा वेळ होता. दिवाणजींनी चहा पाठवला. सिस्टर माझ्या शेजारी बाकावर बसल्या आणि पदर तोंडापुढं धरून बोलू लागल्या. मला नवल वाटलं. ह्या बाई कुणापुढं तोंड झाकणाऱ्या नव्हेत.

"इथं असंच बोलावं लागतं," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यातल्या मागावर तो उंच पोरगा आहे ना, हिरव्या बनियनचा, तो सिद्राम. पंधरा दिवसांनी लग्न आहे त्याचं. ती बघा, सूत गुंडाळायच्या कांडी मशीनवर, नंदा. तिच्याशीच. दोघांनी आपलं आपण जमवलंय, घरचेही राजी. आणि आठ दिवस झाले, हा जेवत नाही. आईला म्हणतो, लग्न मोडा, मी गाव सोडून जातो. कारण सांगत नाही. आई माझ्याकडं रडत आली. तिनं त्याची ट्रंक उघडली तर आत तंबूतल्या वैद्याच्या पुड्या. चांगल्या दोन मुठी."

माझ्या हातातल्या चहावर साय धरली. मी ती बोटानं काढत बसलो.

"मग दवाखान्यात न्या त्याला."

"कशी नेऊ? मी त्याच्याशी दोन शब्द बोलले की पन्नास माणसं लांबून वाचतात. उद्या नंदाच्या कानावर. तो तर खिडकीतून उडी टाकून पळेल." सिस्टरनी पदर सोडला आणि सगळ्यांना दिसेल असं मोठ्यानं म्हणाल्या, "चहा छान आहे."

भोंगा झाला. माग सुरू झाले. अठ्ठेचाळीस माग एकदम सुरू होतात तेव्हा आवाज कानात शिरत नाही, तो पायांतून वर चढतो. मी बबन्याला पिशवीत घालत होतो तेव्हा बघितलं, सिद्राम माझ्याकडं बघत होता. त्यानं मला बोलावलं नाही. बबन्याकडं बोट केलं आणि मग आपल्या मागाकडं. म्हणजे, त्याला इकडं आण.

मी बबन्याला दंडावर घेऊन निघालो. चार मागांच्या मधल्या बोळात सिद्राम उभा. एका डोळ्यानं मागातला पळता धोटा बघत होता, सवयीनं. जवळून बघितलं तर गालफडं बसलेली, हनुवटीवर चार दिवसांची दाढी. नवरदेवाचं तोंड नव्हतं ते.

आता तिथली एक रीत आहे, ती मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती. जे कुणी वाचू नये असं वाटतं, ते ओठांवर बोलत नाहीत. समोरच्याच्या कानाला दोन्ही तळव्यांचा द्रोण लावायचा, द्रोणात तोंड घालायचं आणि बोलायचं. आवाज कानातच राहतो, ओठ हातांआड. त्या कारखान्यातली सगळी गुपितं अशीच एका कानातून दुसऱ्या कानात जातात.

सिद्रामनं द्रोण केला आणि बबन्याच्या कानाला लावला.

माझ्या नव्हे. बबन्याच्या. त्या सागवानी कानाला, ज्याला भोकसुद्धा नाही, नुसतं कोरून वर तपकिरी रंग दिलेला. त्यात तोंड घालून तो उभा राहिला. डोळे मिटलेले. बराच वेळ. त्याच्या पाठीचे मणके बनियनमधून वर-खाली होताना दिसत होते. मी एका हाताच्या अंतरावर उभा, आणि मला ऐकू येत होते फक्त माग.

मग त्यानं तोंड काढलं, दोन पावलं मागं झाला आणि बबन्याकडं बघत राहिला. उत्तराची वाट बघत.

मला म्हणता आलं असतं, बाबा रे, पुन्हा सांग, माझ्या कानात. पण त्याचं ते तोंड बघून माझ्यानं ते होईना. त्यानं एकदाच सांगायचं बळ आणलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या तोंडाची मला ओळख पटली होती. ते मी आरशात बघितलेलं होतं.

मी बबन्याचं तोंड त्याच्या कानाशी नेलं. एका हातानं द्रोण केला. बबन्याच्या फेट्यामागं माझं तोंड लपवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बबन्याच्या आवाजात ओठ उघडून बोललो. ओरडलोच. तिथं तसंच बोलावं लागतं.

"सिद्राम, माझा मालक हाय न्हवं, हा माझ्यामागं लपलाय तो, चोवीस वर्षांचा हुता तवा ह्याचं लगीन ठरलं. इंदुमती नाव पोरीचं. ह्यानं जत्रंतल्या तंबूतनं एक छापील पुस्तक आणलं. त्यात लिहिलं हुतं, मिसरूड फुटल्यावर ज्या पोरानं अमुक केलं, झोपंत ज्याचं तमुक झालं, त्याचं सगळं सत्त्व गेलं, त्यानं लगीन केलं तर बायकोचा जन्म वाया. ह्यानं ते खरं मानलं. पुड्या खाल्ल्या. कुणाला इचारलं न्हाई. चाळिशी उलटल्यावर एका खऱ्या डॉक्टरला इचारलं, तर ते म्हणाले, अहो, हा रोगच न्हवं, हे तर प्रत्येक धडधाकट पोराला हुतं."

सिद्राम हलला नाही.

"तुझं तसलं असंल तर ते काहीच न्हाई, जा, जेव. दुसरं असंल, कुठं जखम असंल, कुठं जाऊन आला असशील, तर त्याला तपासणी हाय, औषध हाय. दुखणं न्हाईच गेलं तरी कसं राहायचं ते डॉक्टर सांगत्यात. आधी दाखव, मग ठरव. आन् नंदाला सांग. जे असंल ते. माझा मालक बघ, लगीन तीन दिवसांवर असताना पळाला. परगावात जाऊन लाकूड आणलं आन् मला कोरलं, बोलायला कुणी नको का? पण त्या पोरीला—"

आणि लाईट गेली.

अठ्ठेचाळीस माग एका क्षणात गप्प. इतकी शांतता की वर पत्र्यावर कावळ्याची नखं वाजलेली ऐकू आली. पण निघालेलं वाक्य थांबतं होय? ते बबन्याच्या किनऱ्या आवाजात सबंध कारखान्यात घुमलं.

"—त्या पोरीला कारणसुदिक सांगितलं न्हाई, पळून गेला!"

पन्नास डोकी वळली. सिद्रामच्या कानाशी माझा हात तसाच, त्याचे डोळे खाली. कांडी मशीनवरून नंदा उठली. सावळी, ठेंगणी, केसांत सुताचा धुरळा. ती बबन्याशी बोलली, पण बघत होती सिद्रामकडं.

"कोण पळालंय रं, बबन्या?"

मला त्या एका घटकेत तीन थापा सुचल्या, वाघ तर जिभेच्या टोकावर उभा होता. सिद्रामचा हात माझ्या मनगटावर आला. गच्च. त्याला वाटत होतं आता सगळं संपलं.

बबन्यानं हळूच मान फिरवली. नंदाकडून सिद्रामकडं, सिद्रामकडून माझ्याकडं.

"हा," तो म्हणाला. "माझा मालक."

"का म्हणून?" तो नरडंवाला पोरगा.

"तंबूतल्या वैद्याला भ्याला आन् डॉक्टरला लाजला. वाळवी लागली नव्हतीच ह्याला. तरी सुताराला न दाखवता ह्यानं पाय कापून घेतला."

हसू असं फुटलं की दिवाणजी बाहेरून पळत आले, माग तुटला काय म्हणून. मीही हसलो. हसवायचंच काम होतं माझं. मनगटावरचा हात सैल झाला. सिद्रामसुद्धा हसत होता, डोळे पुसत.

नंदा तेवढी हसली नाही. ती चार पावलं पुढं आली आणि बबन्याला सोडून मला म्हणाली, "आन् ती पोरगी, मामा? तिचं काय झालं?"

बबन्याच्या जबड्याची दोरी माझ्या बोटात होती. ती ओढली गेली नाही.

मग लाईट आली, आणि मागांनी मला सोडवलं.

जीप पंचगंगेच्या पुलावर आली. सिस्टर म्हणाल्या, "ही बारावी."

"कसली?"

"लग्न का नाही केलंत त्याची. ह्यात वाघ नव्हता."

"नव्हता."

"तिला सांगितलंत कधी?"

"नाही."

त्यांनी डबा उघडला, शेंगदाण्याचा लाडू काढला, अर्धा मला दिला. त्यांच्या डब्यातलं त्या कुणाला देत नाहीत, म्हणून जीपच्या ड्रायव्हरनंही आरशातून बघितलं.

तिसऱ्या दिवशी सिद्राम आपल्या पायांनी दवाखान्यात आला आणि केसपेपरच्या रांगेत उभा राहिला. काय निघालं ते सिस्टरनी मला तेव्हा सांगितलं नाही, आजही सांगत नाहीत. वय झालं, माझे निम्मे दात गेले, पण त्यांच्या तोंडून ते निघत नाही. एवढंच कळलं की चालत्या मागांपाशी त्यानं नंदाच्या कानाला द्रोण लावला आणि जे होतं ते सांगितलं. तिनं चार दिवस त्याच्याकडं बघितलं नाही. पाचव्या दिवशी वीस हातांवरून ओठ हलवले, "औषध घेतलंस का?" लग्न वैशाखातलं मार्गशीर्षात गेलं. लोकांना सांगितलं, पत्रिकेत काहीतरी निघालं म्हणून.

लग्नाला सिस्टर आणि मी दोघं गेलो. बबन्या पिशवीत. अक्षता पडल्यावर सिद्राम मला मांडवाच्या कडेला घेऊन गेला आणि एकदम पाया पडला.

"मामा, त्या दिवशीचं तुम्ही कुणाला बोलला न्हाईत."

मला राहवेना. माझ्यासारख्या माणसाला एखाद्या वेळी खरं बोलायची हुक्की येते, ती दाबली तर पोटात दुखतं. म्हटलं, "सिद्राम, मी काय बोलणार? तुझं एक अक्षर मला ऐकू आलं नव्हतं. मागांच्या आवाजात मी नुसता अंदाज केला."

तो मग मुंडावळ्या हलेपर्यंत हसला.

"ऐकू कसं येणार? मी बोललोच कुठं हुतो? हात लावून उभा ऱ्हायलो, तोंडच उघडंना. लाकडाच्या कानात बी सांगता येईना मला. मागं सरलो आन् म्हटलं, संपलं, आता गाव सोडायचं. तर बबन्यानं न इचारता सगळं सांगितलं. म्हणून इस्वास बसला."

मी पिशवीवरून हात फिरवला.

मांडवाच्या त्या टोकाला नंदा बायकांच्या घोळक्यात उभी होती, हिरवा शालू, हातभर चुडा. सनई, ताशा, पोरांचा कालवा. तिनं माझ्याकडं बघून ओठ हलवले. मला ते वाचता येईना.

"काय म्हणते?" मी सिद्रामला विचारलं.

त्यानं बघितलं. "म्हणतीया, त्या बाईंना सांगितलंत का?"

पुढच्या सोमवारी मी गडहिंग्लजची गाडी धरली. पत्ता मला बावीस वर्षं पाठ होता. पिशवी सिस्टरकडं ठेवून गेलो. त्यांनी विचारलं नाही का म्हणून, फक्त बबन्याचा फेटा नीट केला आणि त्याला खुर्चीत बसवलं.

दार उघडंच होतं. ओसरीवर एक बाई सुपात तांदूळ निवडत बसलेल्या. कानशिलावर पांढरं, डोळ्यांना चष्मा. त्यांनी वर बघितलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. ओळखलं. सुपातला हात थांबला.

मी तोंड उघडलं. सबंध वाट मी वाक्य पाठ करत आलो होतो. ओठ हलले, जबडा हलला, आणि आवाज निघेना. ज्याचे ओठ न हलता आवाज निघायचा, त्याच्यावर ही वेळ. मी सिद्रामसारखा तिथं उभा राहिलो, किती वेळ ते मला सांगता यायचं नाही. ऊन माझ्या पाठीवर आणि माझी सावली त्यांच्या सुपात.

इंदुमतींनी सूप बाजूला ठेवलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "पाणी आणते. मग सांगा सावकाश, मला काही घाई नाही."

मी पाणी प्यालो आणि सांगितलं. सगळं. माझ्या स्वतःच्या आवाजात. त्यावर त्या काय म्हणाल्या, हसल्या का, रडल्या का, हे सिस्टर मला दर दिवाळीला विचारतात. पण तिथून पुढचं सांगायला लागलो की माझ्या गोष्टीत वाघ येतो, म्हणून मी इथंच थांबतो.